नऊ अंक शिकवणारा पोप

साधारण साडेदहाशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या रँस शहरात ढाली बनवणाऱ्या एका कारागिराकडे वेगळंच काम आलं. गिऱ्हाइकाला ढाल नको होती, एक मोठी पाटी हवी होती. तिच्यावर २७ उभे रकाने आखायचे होते. सोबत शिंगाच्या हजार सोंगट्या हव्या होत्या आणि त्यांच्यासाठी चिन्हं होती फक्त नऊ. हे काम सांगणारा माणूस तिथल्या कॅथेड्रलच्या शाळेतला शिक्षक होता, त्याचं नाव जेर्बेर. ती नऊ चिन्हं म्हणजे १ ते ९ हे अंक, भारतातून निघून अरबांच्या हातून स्पेनपर्यंत पोचलेले.

हाच जेर्बेर ९९९ साली पोप झाला आणि त्यानं सिल्वेस्टर दुसरा हे नाव घेतलं. तो जेमतेम चार वर्षं गादीवर होता. पुढे शंभरेक वर्षांतच लोक सांगू लागले की या पोपनं सैतानाशी करार केला होता. एका गणिताच्या शिक्षकाच्या वाट्याला हे का आलं, ते समजून घ्यायचं तर आधी त्याची पाटी समजून घ्यावी लागते, आणि त्या काळचं पोपपदही.

जेर्बेरचा जन्म ९४५ ते ९५० च्या दरम्यान मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य या डोंगराळ भागात, सामान्य घरात झाला. अशा घरातल्या मुलाला शिकायचं तर एकच वाट होती, मठाची. ओरियाक गावातल्या सेंट जेराल्डच्या मठात तो लहानपणी दाखल झाला. तिथे रेमंड नावाच्या शिक्षकानं त्याचं लॅटिन पक्कं करून घेतलं. पुढे राजेरजवाड्यांमध्ये वावरतानाही जेर्बेर या रेमंडला कृतज्ञतेनं पत्रं लिहीत राहिला. त्याची दोनशेहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत राजकारण भरपूर आहे, पण मन लावून लिहिलेली पत्रं पुस्तकं मागणारी आहेत. अमक्याकडे सिसेरोची प्रत आहे का, तमक्याकडे प्लिनी आहे का, नक्कल करून पाठवा, लेखनिकाचा खर्च मी देतो. ती वाचताना वाटतं, या माणसाला भूक लागायची ती पुस्तकांचीच.

९६७ मध्ये बार्सिलोनाचा काउंट बोरेल त्या मठात आला. मठाधिपतींनी त्याला विचारलं की तुमच्या मुलखात विद्या चांगली शिकवणारे लोक आहेत का. हो म्हणताच त्यांनी विनंती केली, आमच्या या मुलाला सोबत घेऊन जा. त्या एका विनंतीनं जेर्बेरचं आयुष्य बदललं.

त्या वेळी स्पेनचा बहुतेक भाग मुस्लिम सत्तेखाली होता. राजधानी कॉर्डोबाला होती, खलिफा अल-हकम दुसरा गादीवर होता आणि त्याचं ग्रंथालय जगभर नावाजलेलं होतं. बार्सिलोनाच्या आसपासचा कॅटलोनिया हा ख्रिस्ती मुलूख याच राज्याच्या सीमेवर होता. सीमेवरून जसा माल येतो तशी विद्याही येते. अरबी गणित आणि खगोलशास्त्र झिरपत तिथल्या मठांमध्ये पोचत होतं. जेर्बेर विक या गावी बिशप आत्तो यांच्याकडे सुमारे तीन वर्षं गणित शिकला. तो कॉर्डोबाला जाऊन शिकला, अशी गोष्ट नंतर पसरली. पण त्याच्याच शिष्यानं, रिशेरनं, लिहून ठेवलेल्या हकिगतीत फक्त विकचा आणि आत्तोंचा उल्लेख आहे. मला तीच खरी वाटते.

आता अंकांकडे वळू. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञात दान केलेल्या गायी, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. घाटाच्या तोंडाशी असलेल्या त्या गुहेत २, ४, ६, ७, ९ या अंकांची फार जुनी रूपं दिसतात. पण तिथे १०, २०, १०० यांना वेगळी चिन्हं आहेत. म्हणजे अंकाच्या जागेवरून त्याची किंमत ठरायची पद्धत अजून आलेली नव्हती. ती पुढच्या शतकांत आली. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तानं तर शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करायची याचेही नियम लिहिले. बगदादमध्ये नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीनं हिंदूंच्या आकडेमोडीवर लिहिलं आणि तिथून हे अंक उत्तर आफ्रिकेमार्गे स्पेनमध्ये गेले. उत्तर स्पेनमधल्या अल्बेल्दा मठात ९७६ साली पूर्ण झालेलं एक लॅटिन हस्तलिखित आहे. ख्रिस्ती युरोपातल्या लेखनात हे नऊ अंक पहिल्यांदा दिसतात ते त्यात. आणि लिहिणाऱ्यानं मोकळ्या मनानं म्हटलंय की भारतीयांची बुद्धी फार सूक्ष्म आहे आणि गणितात इतर लोक त्यांच्या मागे आहेत. ९७६ म्हणजे जेर्बेर रँसमध्ये शिकवत होता तेच दिवस.

रोमन आकड्यांची अडचण काय होती? लिहून ठेवायला ते ठीक आहेत. पण त्यात ४६ लिहायला चार चिन्हं लागतात आणि २३ लिहायला पाच. या दोन संख्या एकाखाली एक मांडून गुणाकार करून पाहा, हात जागीच थांबतो. कुठलं चिन्ह कशाखाली आणायचं तेच कळत नाही. म्हणून लोक बोटांवर मोजायचे, पाढ्यांचे तक्ते वापरायचे. खड्यांनी मोजायची रोमन काळातली पाटी पश्चिम युरोपातून जवळपास विसरली गेली होती.

जेर्बेरनं ती पाटी परत आणली आणि तिच्यात एक मोठा बदल केला. सात दाखवायला सात खडे ठेवायचे नाहीत, ७ चं चिन्ह असलेली एकच सोंगटी ठेवायची. रकाने म्हणजे आपले एकं, दहं, शतं, सहस्र. आपल्याकडची मुलं शाळेत घोकतात तेच. फक्त रँसच्या मुलांना ते पहिल्यांदाच डोळ्यांसमोर दिसत होतं.

४६ गुणिले २३ करून बघू. एकेक जोडी घ्यायची आणि उत्तर कुठल्या रकान्यात जातं ते पाहायचं. ४ दशक गुणिले २ दशक म्हणजे ८ शतक, तेव्हा शतकाच्या रकान्यात ८ ची सोंगटी. ४ दशक गुणिले ३ एकक म्हणजे १२ दशक, म्हणून दशकात २ आणि शतकात १. ६ एकक गुणिले २ दशक म्हणजे पुन्हा १२ दशक, पुन्हा दशकात २ आणि शतकात १. शेवटी ६ गुणिले ३ म्हणजे १८, एककात ८ आणि दशकात १. आता रकान्या-रकान्यातली बेरीज. एककात ८. दशकात २, २ आणि १ मिळून ५. शतकात ८, १ आणि १ मिळून १०, म्हणजे शतकाचा रकाना रिकामा करायचा आणि सहस्रात १ ठेवायचा. पाटीवर राहिलं काय? सहस्रात १, शतकात काहीच नाही, दशकात ५, एककात ८.

आपण हे लिहू १०५८. जेर्बेरच्या पाटीवर मात्र शून्य नव्हतंच, कारण त्याची गरज नव्हती. रकाना रिकामा दिसतोय, तेवढं पुरे. पण पाटी बाजूला ठेवून चर्मपत्रावर नुसते १, ५, ८ लिहिले तर तो आकडा १५८ होतो. म्हणजे नऊ अंक युरोपात आले ते पाटीला बांधलेले आले. दहावं चिन्ह नसल्यानं ते पाटीवरून उतरून कागदावर चालू शकत नव्हते. मुलं हिशेब सोंगट्यांवर करायची आणि उत्तर पुन्हा रोमन आकड्यांत लिहायची. मला या साऱ्या गोष्टीतली सगळ्यात चटका लावणारी जागा हीच वाटते. शून्याची रिकामी जागा रोज त्यांच्या नजरेसमोर होती, तिला नाव तेवढं दिलं गेलं नव्हतं.

पुढच्या पिढ्यांतल्या हस्तलिखितांत या सोंगट्यांना नावंही सापडतात. चाराला अर्बास, पाचाला किमास, आठाला तेमेनियास. अरबीतले अर्बा, खम्सा, समानिया हे शब्द त्यांत सरळ ऐकू येतात.

हा शिक्षक पोप कसा झाला? ९७० च्या सुमाराला बोरेल आणि आत्तो रोमला गेले तेव्हा जेर्बेर सोबत होता. तिथे पोपनं त्याची हुशारी पाहिली आणि सम्राट पहिल्या ऑट्टोला कळवली. या ऑट्टोचं राज्य जर्मनी आणि इटलीवर होतं. आपल्याला गणित येतं पण तर्कशास्त्र शिकायचंय, असं सांगून जेर्बेर रँसला गेला आणि थोड्याच वर्षांत तिथल्या शाळेचा प्रमुख शिक्षक झाला. तिथे त्यानं आकाश शिकवायला लाकडी गोल तयार केले, संगीतातले स्वर समजावायला एकतारीसारखं मोनोकॉर्ड नावाचं वाद्य वापरलं. असा एक गोल बनवून देण्याच्या बदल्यात त्यानं त्रिअरच्या एका भिक्षूकडे रोमन कवी स्टेशियसच्या काव्याची प्रत मागितली होती. पुढे माग्देबुर्गला त्यानं नळीतून तारा पाहून वेळेचं यंत्र बसवल्याची नोंद त्या काळच्या बखरकारानं केली आहे.

पुढचा सम्राट, म्हणजे पहिल्याचा मुलगा दुसरा ऑट्टो, यानं खूश होऊन जेर्बेरला इटलीतल्या बोबियो मठाचा प्रमुख केलं. मठात ग्रंथ अमाप होते, पण जमिनी आधीच आसपासच्या सरदारांना नाममात्र खंडानं दिलेल्या. त्या परत मागताच सगळे त्याच्यावर उठले. ९८३ मध्ये सम्राट वारला आणि जेर्बेरला रँसला परत यावं लागलं.

रँसमध्ये तो आर्चबिशप आदालबेरोचा उजवा हात होता. ९८७ मध्ये फ्रान्सच्या गादीवर शार्लमेनच्या वंशजाऐवजी ह्यूग कापे आला, त्यामागे या दोघांचा मोठा हात होता. दोन वर्षांनी आदालबेरो गेला. सगळ्यांना वाटलं आता जेर्बेर. पण राजानं जुन्या राजघराण्यातल्या अनौरस मुलाला, आर्नुल्फला, आर्चबिशप केलं. त्यानं शहर आपल्या चुलत्याच्या, म्हणजे राजाच्या शत्रूच्या हाती दिलं. मग ९९१ च्या धर्मसभेत आर्नुल्फला पदावरून काढून जेर्बेरला बसवण्यात आलं. आर्नुल्फच्या बाजूचे म्हणत होते, बिशपला काढण्याचा अधिकार फक्त पोपचा. विरोधक म्हणत होते, रोममध्ये अक्षरशत्रू माणसं गादीवर बसतात, त्यांची परवानगी कशाला? या सभेचा वृत्तान्त कुणी लिहिला? खुद्द जेर्बेरनं. रोमवरची ही कडक टीका त्याच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आली आहे.

रोमनं ही निवड मान्य केली नाही. चर्चेची, सभांची, पत्रांची काही वर्षं गेली. कंटाळून जेर्बेर ९९७ मध्ये कोवळ्या तिसऱ्या ऑट्टोकडे गेला. हा सम्राट तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याचे वडील जर्मनीतल्या सॅक्सन घराण्यातले, आई बायझंटाइन, म्हणजे ग्रीक संस्कृतीतली. त्यानं जेर्बेरला पत्र लिहून विनवलं होतं की माझ्यातला सॅक्सन रांगडेपणा काढा आणि ग्रीक सूक्ष्मपणा जागा करा. सम्राटानं शिक्षकाला असं लिहावं, हे मला फार हृद्य वाटतं.

पोपची निवड म्हटलं की आज सिस्टाइन चॅपल, कार्डिनल आणि पांढरा धूर डोळ्यांपुढे येतो. दहाव्या शतकात यातलं काहीच नव्हतं. निवडीचा अधिकार कार्डिनलांकडे सोपवणारा नियम १०५९ चा. त्याआधी रोममधली बडी घराणी किंवा आल्प्स ओलांडून फौज घेऊन आलेला सम्राट, ज्याचा जोर जास्त त्याचा माणूस गादीवर बसायचा. तिसऱ्या ऑट्टोनं आपल्या चुलतभावाला पाचवा ग्रेगरी म्हणून पोप केलं. सम्राटाची पाठ वळताच रोमच्या क्रेसेंटियसनं त्याला हाकलून दुसरा पोप बसवला. ९९८ मध्ये ऑट्टो फौज घेऊन परतला. क्रेसेंटियसचं मुंडकं उडवलं गेलं. त्यानं बसवलेल्या पोपचे डोळे काढले, नाक-कान कापले. हे जेर्बेरच्या काळातलं पोपपद. पुढच्या वर्षी ग्रेगरी वारला आणि एप्रिल ९९९ मध्ये ऑट्टोनं आपल्या शिक्षकाला त्या गादीवर बसवलं. तो पहिला फ्रेंच पोप.

नाव विचारपूर्वक घेतलेलं होतं. पहिला सिल्वेस्टर हा रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातला पोप. ऑट्टो नवा कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या शेजारी नवा सिल्वेस्टर, असं ते चित्र होतं. (जर्मनीत ३१ डिसेंबरला ‘सिल्वेस्टर’ म्हणतात ते त्या पहिल्याच्या स्मृतिदिनामुळे, आपल्या जेर्बेरमुळे नाही.)

गादीवर येताच त्यानं रँसचा प्रश्न हाती घेतला. आर्नुल्फला त्याचं पद परत दिलं. पत्रात लिहिलं की तुला रोमच्या संमतीवाचून काढलं होतं, म्हणून रोमच्याच कृपेनं तू परत बसतोस. ज्याच्या जागेसाठी हा माणूस इतकी वर्षं झगडला त्यालाच. काही जण याला निव्वळ राजकारण म्हणतील, कारण यामुळे पोपचाच अधिकार पक्का झाला. मला मात्र वाटतं, खुर्ची बदलल्यावर आपल्याविरुद्ध निकाल द्यायला धैर्य लागतं.

पैसे घेऊन धर्मपदं विकण्याविरुद्ध आणि धर्मगुरूंनी बायका ठेवण्याविरुद्ध त्यानं कडक भूमिका घेतली. पण त्याच्या कारकिर्दीचा टिकलेला ठसा पूर्व युरोपात आहे. १००० मध्ये ऑट्टो पोलंडमधल्या ग्निएझ्नोला गेला आणि तिथे पोलंडचं स्वतःचं आर्चबिशपपद सुरू झालं. त्याच सुमाराला हंगेरीत इश्तवान राजा झाला आणि एस्टरगोमचं आर्चबिशपपद उभं राहिलं. परंपरा सांगते की राजाचा मुकुट सिल्वेस्टरनं पाठवला. आज बुडापेस्टला दिसतो तो मुकुट नंतर घडवलेला आहे आणि सिल्वेस्टरचं म्हणून दाखवलं जाणारं पत्रही बनावट आहे. तरीही अर्थ उरतो. ही दोन्ही राज्यं जर्मन बिशपांच्या हाताखाली न जाता थेट रोमशी जोडली गेली, आणि तिथल्या लोकांच्या पुढच्या इतिहासावर त्याची छाप राहिली.

जानेवारी १००१ ची एक सनद मला फार मोलाची वाटते. पोपमंडळी एक जुना दस्तऐवज दाखवायची, की कॉन्स्टंटाइननं पहिल्या सिल्वेस्टरला पश्चिमेकडचं सगळं राज्य दान दिलं. ऑट्टोनं या सनदेत स्वच्छ लिहिलं की तो कागद खोटा आहे. आणि पुढे लिहिलं की आमचे गुरू सिल्वेस्टर यांच्यावरच्या प्रेमापोटी आम्ही स्वतःच्या मालकीचे आठ परगणे देतो. तो दस्तऐवज बनावट असल्याचं लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानानं भाषेच्या पुराव्यानिशी सिद्ध केलं ते १४४० मध्ये.

त्याच १००१ मध्ये रोमनं बंड केलं. गुरू-शिष्य दोघांना शहर सोडावं लागलं. जानेवारी १००२ मध्ये ऑट्टो तापानं गेला, वय २१. म्हातारा सिल्वेस्टर रोमला परतला खरा, पण सत्ता आता क्रेसेंटियसच्या मुलाकडे होती. १२ मे १००३ रोजी तो वारला आणि लॅटरन चर्चमध्ये त्याला पुरण्यात आलं.

मग दंतकथा सुरू झाल्या. अकराव्या शतकाच्या अखेरीला पोप सातव्या ग्रेगरीचे विरोधक त्याच्या गोटाला बदनाम करत होते. त्यांच्यातल्या बेनो नावाच्या कार्डिनलनं जेर्बेरला जादूटोण्याचा मूळपुरुष ठरवलं. पुढे बाराव्या शतकात इंग्लंडमधल्या विल्यम ऑफ माल्म्सबरीनं गोष्ट रंगवली. जेर्बेरनं म्हणे एका मुस्लिम मांत्रिकाचं पुस्तक चोरलं, प्रश्नांना हो-नाही उत्तर देणारं धातूचं डोकं बनवलं. त्या डोक्यानं सांगितलं की जेरुसलेममध्ये मास, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हटल्याशिवाय तुला मरण नाही. तो निश्चिंत राहिला आणि रोममधल्याच ‘जेरुसलेम’ नावाच्या चर्चमध्ये मास म्हणताच खाटेला खिळला. हाच विल्यम जेर्बेरच्या गणिताबद्दल लिहितो की त्याचे नियम घाम गाळणाऱ्या अबॅकसवाल्यांनाही, म्हणजे अशा पाटीवर हिशेब करणाऱ्यांनाही, जेमतेम कळतात. ही दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचली की उलगडा होतो. अंक परक्यांकडून आलेले, नियम डोक्यावरून जाणारे, आणि शिकणारा गरीब घरातून थेट पोपच्या गादीवर चढलेला.

अंकांचं पुढे काय झालं? बाराव्या शतकात अल-ख्वारिझ्मीची लॅटिन भाषांतरं झाली आणि त्यांच्यासोबत शून्य आलं. १२०२ मध्ये पिसाच्या फिबोनाचीनं व्यापाऱ्यांना उपयोगी पडेल असा ग्रंथ लिहिला. तरी १२९९ मध्ये फ्लोरेन्सच्या सराफांच्या संघटनेनं हिशेबाच्या वह्यांत हे अंक वापरायला बंदीच केली होती. जेर्बेरच्या सोंगट्या तोवर कधीच अडगळीत गेल्या होत्या.

लॅटरन चर्चमधल्या खांबावर त्याचा स्मृतिलेख अजून आहे. तो पोप चौथ्या सर्जियसनं लावला. त्यातली लॅटिन ओळ म्हणते की येणाऱ्या प्रभूसाठी, तुतारीचा आवाज होताच, ही जागा सिल्वेस्टरचा देह परत देईल. म्हणजे अंतिम निवाड्याच्या दिवशी. लोकांनी तिचा भलताच अर्थ लावला, की नवा धनी येणार असला, म्हणजे पोप मरणार असला, की या कबरीतून हाडांचा आवाज येतो. कुणी म्हणायचं की दगडाला पाझर फुटतो. शतकानुशतकं लोक त्या दगडाला कान लावत राहिले.